वजनाचं ऑपरेशन झाल्यावर: आपण काय सांभाळायचं, घरच्यांनी काय, आणि हाक कधी मारायची

ऑपरेशन करून घरी आलं की पहिले पंधरा दिवस सगळे विचारतात, पाणी जातंय ना, टाके दुखत नाहीत ना, शेजारची काकी पण येऊन बघून जाते. महिना झाला की विचारणं कमी होतं आणि सहा महिन्यांनी कपडे सैल झालेले दिसले की घरात सगळ्यांना वाटतं आता झालं, सुटलो. नेमकं त्याच वेळी ज्याचं ऑपरेशन झालंय त्याला सगळ्यात जास्त सांभाळायचं असतं आणि विचारणारं कोणी नसतं. म्हणून हे लिहितेय, वजन उतरवायला ज्यांचं जठराचं स्लीव्ह किंवा बायपास (हृदयाचं नव्हे) झालंय त्यांच्यासाठी, ज्यांची तारीख ठरलीय त्यांच्यासाठी, आणि घरच्यांनीही वाचावं म्हणून.

मी स्वतः स्लीव्ह केलेली आहे, गोव्यात फोंडा तालुक्यात राहते, आणि नवीन ऑपरेशन झालेल्या लोकांशी बोलणं हे आता माझ्या रोजच्यातलंच झालंय. डॉक्टर नाही मी. तुमच्या सर्जननी आणि डाएटिशियननी कागदावर जे लिहून दिलंय ते आधी, इथलं नंतर, आणि दोन्हींत फरक दिसला तर त्यांना फोन करून विचारायचं.

आपल्याकडे या बाबतीत दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, ऑपरेशन केलंय ना मग आता आपोआप उतरेल. दुसरं, वजन परत चढलं म्हणजे हिनेच खाल्लं असणार. दोन्हींनी माणसाचं नुकसान होतं. खाणं, गोळ्या, तपासण्या हे आपल्यालाच करायचंय, ते दुसरं कोणी आपल्यासाठी करू शकत नाही, पण अडल्यावर लगेच सांगणं हेही त्याच जबाबदारीतलं काम आहे आणि ते काम लोक सगळ्यात जास्त टाळतात असं मला दिसतं.

आत काय बदललंय ते आधी समजून घ्या

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरलेल्या नळीत १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे चहाचा एक छोटा कप. बायपासमध्ये वरचा पाउच अजून लहान, ३० मिलीच्या आसपास, आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वाटेतून वगळलेला असतो म्हणून लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हॉर्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात बनतं, स्लीव्हमध्ये तोच भाग जातो, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक लागतच नाही म्हणतात ते खरं आहे. पण ही सवलत कायमची नसते, भूक हळूहळू बऱ्यापैकी परत येते. बहुतेकांचं वजन पहिल्या १२ ते १८ महिन्यांतच उतरतं, तेव्हा भूक शांत असतानाच जेवणाच्या सवयी बसवून घ्या, नंतर त्या बसवायला फार जड जातात.

जेवण

टप्पे साधारण असे असतात. एक-दोन दिवस नुसतं पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप. मग दोन आठवडे पातळ, मग दोनेक आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. उगाच पुढच्या टप्प्यावर उडी मारू नका, आतले टाके अजून भरत असतात.

आपल्याकडे माणूस आजारी म्हटला की पेज. पेज सोसते, घशाखाली नीट उतरते, घरातल्यांना पण समाधान वाटतं की काहीतरी पोटात गेलं, पण तिच्यात प्रोटीन नावापुरतं. पोटात एवढीशी जागा असताना ती पेजेने भरली तर प्रोटीन येणार कुठून. पातळ टप्प्यात गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, डाएटिशियननी सांगितलेली प्रोटीन पावडर, नाचणीचं तिझण करायचं तर बिनसाखरेचं आणि पावडर घालून.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हा सर्वसाधारण आकडा, तुमचा वेगळा असू शकतो. अंदाज यावा म्हणून सांगते, एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठा कप दुधात ८, १०० ग्रॅम मासळीत १८ ते २०, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ७-८. बघितलंत तर कळेल की नुसतं वरण-भात खाऊन हा आकडा गाठणं शक्यच नाही, म्हणून ताटातला क्रम बदलायचा, आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर दोन चमचे भात.

समजा नेहमीचं जेवण सुरू झालंय आणि घरात बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाची आमटी, आहे. ताट घेऊ नका, बशी घ्या. एकच तुकडा. काटे सगळे काढा आणि मांस बोटांनी कुस्करा, चमच्याने नको, बोटांना काटा राहिलेला लगेच कळतो. वर चमचाभर रस, जास्त नको कारण नारळ जड पडतो. मुलांचा छोटा चमचा वापरा. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, हातात धरून बसायचं नाही, तोंडातलं अगदी पातळ होईपर्यंत चावायचं, गिळायचं, थोडं थांबायचं, मग पुन्हा चमचा उचलायचा. एवढंसं खायला वीस-पंचवीस मिनिटं लागली पाहिजेत. मध्येच छातीत जड वाटलं, उचकी आली, नाकातून पाणी यायला लागलं तर तिथेच थांबा, बऱ्याच जणांना पोट भरल्याचं असंच कळतं. उरलेला एक घास फुकट जाईल म्हणून तोंडात टाकला की तोच घास सगळ्यांना घेऊन बाहेर येतो.

जेवताना पाणी नाही आणि जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. आपल्याकडे शेवटी वाटीभर सोलकढी लागतेच, ती पण अर्ध्या तासाने, घोट घोट. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी व्हायला हवं आणि ते एकदम जात नाही, त्यामुळे बाटली कायम जवळ पाहिजे, एप्रिल-मे मध्ये तर नक्कीच, कदंबाच्या बसने पणजीला जाऊन येईपर्यंत घामाने माणूस सुकतो. गॅसवालं काही नको.

गोडाचं सांगते. बायपासवाल्यांना बेबिंका, दोदोल, मणगणं, नेवरी यातलं काही जास्त झालं की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, चक्कर, जुलाब असं होऊ शकतं, याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊन थरथर होते. स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं पण होऊ शकतं, आणि झालं नाही तर ते काही चांगलं लक्षण समजू नका, कारण मग गोड बिनबोभाट आत जातं. खरी काळजी मला अशाच पदार्थांची वाटते जे सहज घसरतात, शेव, चिप्स, आइसक्रीम, बिस्कीट चहात बुडवून, जत्रेतलं खाजं तोंडात विरघळवत. बांगड्याच्या एका तुकड्याने पोट भरतं पण खाज्याचा अख्खा पुडा संध्याकाळभरात संपतो आणि पोट काहीच बोलत नाही. दुसऱ्या वर्षानंतर वजन परत चढतं ते बऱ्याचदा या चरण्यामुळे, भरल्या ताटामुळे नाही. जेवणाच्या वेळा ठरवा आणि दोन जेवणांच्या मध्ये तोंड बंद, पाणी सोडून.

पावसाळ्याचं वेगळं नियोजन

हे गोव्यातल्या लोकांनी खास लक्षात ठेवा, बाहेरच्या डाएटिशियनच्या कागदावर हे सापडणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, बाजारात मासळी कमी आणि महाग. त्यातून सुटतो तोवर श्रावण, बऱ्याच घरांत महिनाभर शिवराक म्हणजे शाकाहारी, अंडं पण चालत नाही. आणि श्रावण संपला की चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, घरभर नेवऱ्या, पातोळ्या, पंचखाद्य. म्हणजे तीन महिने प्रोटीन खाली आणि शेवटी गोड वर. ज्यांचं ऑपरेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं त्यांच्या केसगळतीचा काळ पण नेमका याच महिन्यांत येतो.

त्यामुळे मे महिन्यात घरात पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरतात तेव्हा तुमचं पण भरा. सोयाबीनच्या वड्या, मूग, मसूर, चवळी, प्रोटीन पावडरचे डबे. पनीर आणि दह्याचा चक्का आठवड्याला आणायचा हे घरात ठरवून टाका. सोयावडी वाफवून, पिळून, बारीक वाटून मसाल्यात परतली की खिम्यासारखी लागते आणि गिळायला सोपी जाते. मोड आलेले मूग कच्चे खाऊ नका, शिजवून घोटून. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर प्रोटीनला चांगली पण मीठ फार, बीपी असेल तर चिमूटभरच. बंदी उठली की तिसऱ्या खा, लोह आणि बी-१२ दोन्हींसाठी फार चांगल्या, फक्त रबरासारख्या होईपर्यंत शिजवू नका आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत नकोच, नीट चावल्या जात नाहीत.

चालण्याचं पण तसंच. बाकीचे आठ महिने मिरामार आहे, कांपाल आहे, फर्मागुडीला लोक चालतात. पावसात रस्त्यावर पाणी आणि घसरण, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच बायका देवळाच्या आवारात, सभामंडपाच्या छपराखाली फेऱ्या घालतात, मंगेशी-म्हार्दोळ-कवळे भागात राहणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. घरात जिना असेल तर जिना. आणि नुसतं चालून भागत नाही, वजनाबरोबर स्नायू पण उतरतात, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की हलकी डंबेल्स किंवा खुर्चीवरून उठ-बस सुरू करा.

गोळ्या

या आयुष्यभर आहेत. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. कॅल्शियम साधारण १२०० ते १५०० मिग्रॅ, सायट्रेट असलेलं बरं, आणि एकदम नाही, एका वेळी ५००-६०० असं विभागून. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह नीट शोषलं जात नाही म्हणून मध्ये दोन तास तरी हवेत, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

घडी अशी बसवता येते: सकाळी उठल्यावर लोह, चहा त्यानंतर तासाभराने, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिनचं डॉक्टरांना विचारून. फार्मसीत आठवड्याच्या वारांचा प्लास्टिकचा डबा मिळतो तो घ्या, रविवारी रात्री सगळा भरायचा आणि जिथे चहाची भांडी असतात तिथेच ठेवायचा, कपाटात नाही. मंगळवारचा कप्पा बुधवारी भरलेला दिसला की लगेच समजतं. घरच्यांना मदत करायची असेल तर हीच करा, रविवारी डबा भरायला जवळ बसा आणि कुठली गोळी संपत आलीय ते लिहून ठेवा.

लोक कुठे सोडतात ते पण सांगते. पहिल्या वर्षाचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि वाटतं आता कशाला. तो नॉर्मल आला तो गोळ्यांमुळेच. बी-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो म्हणून कमतरता उशिरा दिसते, पायाला मुंग्या, विसरणं, तोल जाणं, आणि उशीर फार झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. पाळी चालू असलेल्या बायकांनी लोहाकडे जास्तच लक्ष द्यायचं.

डोकं दुखलं, पाठ दुखली म्हणून फार्मसीतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकवाली गोळी आपल्या मनाने घेऊ नका, बायपासवाल्यांनी तर अजिबात नाही, जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होतात. सिगारेटने पण तेच. पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून ठेवा. आणि डायबिटीस-बीपीच्या जुन्या गोळ्या वजन उतरेल तशा कमी करायला लागतात, जुनाच डोस चालू ठेवला तर साखर किंवा बीपी धोकादायक खाली जातं, म्हणून सुरुवातीला घरी मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

दारू

गोव्यात राहून हा विषय टाळून चालणार नाही. मार्च ते मे उर्राक (काजूची दारू), मग सांजावचा सण, मग लग्नं, आणि इथे कोणी पेला पुढे केला तर नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते, उतरायला वेळ लागतो. आधी जो तीन पेगवर शांत असायचा तो एकावर गाडी चालवायच्या लायकीचा राहत नाही आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. त्याहून गंभीर म्हणजे बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून दारूचं व्यसन लागण्याचं प्रमाण वाढतं हे अभ्यासांत दिसलंय, आधी फार न पिणाऱ्यांतसुद्धा. ज्यांना आधी मन शांत करायला खाणं लागायचं त्यांची ती वाट बंद झालेली असते, मन दुसरी शोधतं.

माझं मत स्पष्ट आहे, पहिलं वर्ष एक थेंब नको, आणि आधीपासून जास्त पिण्याची सवय असेल तर ऑपरेशनच्या आधीच टीमला सांगा. घरच्यांनी "आज एक चालतं रे" म्हणायचं नाही. संध्याकाळची वाट बघायला लागलात, लपवायला लागलात तर थांबू नका. बांबोळीला जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळ आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे व्यसनाचं बघतात, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा पण गोव्यात होतात. संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या साध्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि दारूसाठी मदत कशी देता येते हे त्यांनी इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांतून करून दाखवलंय.

घरच्यांशी बोलणं

घरचे प्रेमानेच वागतात पण प्रेम आपल्याकडे ताटातून दाखवतात, तिथे अडचण होते. चवथीला मावशीकडे गेलात की "थोडें तरी खा गो, कितें जाता?" हे येणारच. तिथे स्लीव्ह म्हणजे काय ते समजावत बसू नका. "मावशी, आता पोटात जागा नाही, डब्यात घालून दे, घरी नेते" एवढं बोलायचं आणि डबा खरोखर न्यायचा, घरी बाकीचे खातील. मावशीला बरं वाटतं, तुमचा विषय संपतो. लग्नात पंगतीला बसायच्या आधी वाढणाऱ्याला सांगून ठेवा की मला अर्धंच, पानात टाकलेलं बघून लोक बोलतात आणि त्या बोलण्याच्या भीतीने माणूस जास्त खातो.

सासू-सून एकाच स्वयंपाकघरात असतील तर कोणी काय करायचं ते आधी बसून ठरवा. तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही, तेच हुमण, तीच उसळ, फक्त आधी काढून घोटलेलं आणि कमी तिखट. वेगळं करायला लागतंय असं वाटलं की करणारी दमते आणि तुम्हाला ओझं वाटायला लागतं. मुलांच्या चिप्सचा डबा तुमच्या हाताला लागणार नाही अशा जागी राहील एवढं मागणं काही जास्त नाही.

आणि घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. पहारा देऊ नका. "हे तुला चालतं का?" हा प्रश्न चार लोकांसमोर विचारला की माणूस तुमच्यासमोर खाणं बंद करतो आणि एकटा खायला लागतो, पुढचं सगळं बिघडतं ते तिथून. त्यापेक्षा विचारा, चालायला येऊ का तुझ्याबरोबर, तपासणीला मी सुट्टी घेऊ का, आज कसं वाटतंय. ऑपरेशन झालेल्याने पण नुसतं "मला कोणी समजून घेत नाही" म्हणून बसू नये. एक माणूस निवडा, नवरा असेल, बहीण असेल, मैत्रीण असेल, आणि त्याला नेमकं सांगा: मी सलग दोन दिवस गोळ्या चुकवल्या किंवा घराबाहेर पडलेच नाही तर तू मला विचारायचंस, आणि मी खरं उत्तर देईन. हे असं तोंडाने बोलून ठरवलेलं टिकतं.

त्याच वाटेवरून गेलेल्यांशी बोलणं फार उपयोगाचं असतं. तुमच्या सर्जनकडे विचारा त्यांच्या पेशंटांचा ग्रुप आहे का, गोव्यात नसेल तर मुंबई-पुण्याचा ऑनलाइन पण चालतो. फक्त ग्रुपवर कोणाचं बघून औषध बदलायचं नाही आणि कोणाच्या किलोशी आपले किलो लावून बघायचे नाहीत, स्लीव्ह आणि बायपास वेगळं, वय वेगळं, सुरुवातीचं वजन वेगळं.

मन आणि आरसा

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, मुठीने येतात, फार घाबरायला होतं. वजन झपाट्याने उतरताना असं होतं, प्रोटीन-लोह-झिंक नीट असेल तर बहुतेकांचे परत येतात. वजन मध्येच अडकतं, दोन-तीन आठवडे काटा हलत नाही, पहिल्या महिना-दीड महिन्यातच असं होतं बऱ्याच जणांचं. आठवड्यातून एकदाच वजन करा, ठरलेल्या वारी, रोज नको. कातडी लोंबते, नवरा-बायकोच्या नात्यात पण बदल होतात, कोणी कौतुक जास्त करतं तर त्याचाही राग येतो, हे सगळं बोलण्यासारखं आहे.

काही लोकांत ऑपरेशननंतर नैराश्य आणि स्वतःला इजा करायचे विचार वाढतात, हे अभ्यासांत दिसलंय म्हणून घरच्यांनी हलक्यात घेऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास. आयपीएचबीला जाण्यात काहीही कमीपणा नाही.

बायकांसाठी: वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि पीसीओडीवाल्यांना पण अचानक दिवस जाऊ शकतात. १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून दुसरा उपाय ठरवा.

वजन परत थोडं चढणं दोन वर्षांनी बहुतेकांचं होतं. सगळ्यात कमी जे होतं त्यापेक्षा पाचेक किलो वर गेलात की टीमकडे जा, पंधरा होईपर्यंत लाजून घरी बसू नका. ते खाणं बघतात, थायरॉइड बघतात, कुठल्या औषधाने वजन चढतंय का बघतात, गरज पडली तर एंडोस्कोपी करतात, वजनाची औषधं देतात. लवकर गेलेल्याला करण्यासारखं पुष्कळ असतं.

हे झालं तर वाट बघायची नाही

पहिल्या काही आठवड्यांत ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराचं दुखणं, दम लागणं, एका पायाची पोटरी सुजणं, काळं शौच. यातलं काही झालं तर सर्जनला फोन, फोन लागला नाही तर १०८.

उलट्यांचं वेगळं सांगते कारण इथेच लोक फसतात. आमच्या ओळखीत डिचोलीकडची एक वहिनी दोन आठवडे रोज उलट्या करत होती, घरी सगळे म्हणत होते पोट लहान केलंय मग असं होणारच. तिला चालताना तोल जायला लागला आणि एकाची दोन माणसं दिसायला लागली तेव्हा कुठे नेलं. थायमिन म्हणजे बी-१ चा साठा शरीरात थोडाच असतो, उलट्या चालू राहिल्या की काही आठवड्यांत संपतो आणि मेंदूला इजा होते. इंजेक्शनं वेळेत मिळाली म्हणून ती सावरली. तेव्हा एक दिवस पाणी पण टिकलं नाही तर डॉक्टर, आणि उलट्या लांबलेल्या असताना कुठल्याही दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली तर सांगायचं की माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.

बायपासवाल्यांना काही वर्षांनीसुद्धा मध्येच पोटात कळ येऊन जाते, आतड्याचा आतला हर्निया (आतडं पोटातल्या फटीत अडकणं) असू शकतो, गॅस म्हणून ओवा खाऊन झोपू नका. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखलं तर पित्ताचे खडे, वजन भराभर उतरलं की ते होतात.

तपासण्या आणि पाकिटातली चिठ्ठी

पहिल्या वर्षी साधारण १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी, कायम. सीबीसी (रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हॉर्मोन), साखर, लिव्हर. मुंबई, पुणे किंवा बेळगावला ऑपरेशन केलेल्यांना दर वेळी तिकडे जाणं जमत नाही आणि मग सगळंच सुटतं, म्हणून पहिल्या महिन्यातच इथला एक फिजिशियन धरा, ऑपरेशनच्या नोट्सची झेरॉक्स त्याच्याकडे द्या आणि रक्ताचे रिपोर्ट सर्जनला व्हॉट्सॲपवर पाठवायचे असं दोघांनाही सांगून ठेवा.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, प्लास्टिकमध्ये घालून: कुठलं ऑपरेशन, तारीख, सर्जनचा नंबर, घरच्या माणसाचा नंबर, चालू औषधं, कुठली औषधं चालत नाहीत, आणि तोंडातून किंवा नाकातून पोटात नळी घालायच्या आधी सर्जनला विचारा. तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू दे, आणि औषध बदललं की चिठ्ठी पण बदला.